मोटारखान्याचे वय

जुनी वस्तू नवी करण्याची विद्या माणसाला फार पूर्वीपासून अवगत आहे. भांड्याला कल्हई करावी, भिंतीला चुना द्यावा, दाराला रंगाचा हात मारावा, की वस्तूचे वय काही काळ झाकले जाते. परंतु नवी वस्तू जुनी दिसेल अशी घडविण्याचीही एक विद्या आहे. खोटा दस्तऐवज करणारा इसम कागदाला जुनेपण आणतो, तो फसवणुकीसाठी. वास्तूंच्या छोट्या प्रतिकृती करणारा कारागीरही तेच करू पाहतो. मात्र त्याचा हेतू अगदी विरुद्ध असतो. काळाने मूळ वास्तूवर जे लिहून ठेवले, त्याची खरी नक्कल त्याला उतरून घ्यावयाची असते.

या विद्येचा विचार करावयास जयपूरसारखे दुसरे सोयीचे शहर नाही. १७२७ साली सवाई जयसिंगाने आखून वसविलेले हे नगर १८७६ साली, इंग्लंडच्या युवराजाच्या भेटीच्या निमित्ताने, गेरूच्या रंगात रंगले आणि ‘गुलाबी शहर’ म्हणून प्रसिद्धीस आले. तेव्हापासून तेथील बाजारांच्या दर्शनी भिंतींना तो रंग पुनःपुन्हा चढत आला आहे. म्हणजे या शहराचे प्रसिद्ध रूप हे जुने असूनही सतत नवे केलेले रूप होय. त्याच शहरात सॅम्युअल स्विंटन जेकब या अभियंत्याने तेथील वास्तुशिल्पाच्या तपशिलांची मोठ्या प्रमाणावरील रेखाचित्रे करवून घेतली आणि १८९० पासून ती सुट्या पानांच्या रूपाने प्रसिद्ध केली. खांब, कमानी, तोडे, झरोके, कोरीव दारे या साऱ्यांची त्यांत नोंद आहे. कारागिरांना ती पाने हाताशी घेऊन काम करता यावे, हा त्यामागील हेतू. राजवाड्याच्या झरोक्याला असा चित्रगुप्त लाभला. पण ज्या साध्या इमारतींत शहराचे रोजचे काम चालते, त्यांची नोंद कोणी घ्यावी?

अशांपैकी एक म्हणजे जुना मोटारखाना. घोड्यांच्या पागा आणि बग्ग्यांच्या खोल्या यांचा वारसा मोटारीने घेतला. विटांच्या तीन भिंती, त्यांवर चुन्याचा गिलावा आणि गेरूचा रंग, वर पन्हळी पत्रा, पुढे दोन पाखांचे दार, एवढाच त्याचा संसार. अशा एखाद्या मोटारखान्याची प्रतिकृती एकास चोवीस या प्रमाणात करावयाची असे समजू. सहा मीटर खोलीची जागा पंचवीस सेंटिमीटरांत बसते. नऊ इंची वीट एका सेंटिमीटरहूनही आखूड होते. पुठ्ठ्याच्या भिंतींवर प्लॅस्टरचा पातळ थर द्यावा, पातळ धातुपत्र रेघांवर दाबून पन्हळी पत्रा करावा, काड्यांची दारे करावी. इथवर काम मापाचे आणि चिकाटीचे आहे. खरी अडचण पुढे येते.

ती अडचण अशी, की सर्व गोष्टी सारख्याच लहान करता येत नाहीत. अर्ध्या मिलिमीटरचा वाळूचा कण या प्रतिकृतीत पडला, तर तो बारा मिलिमीटरच्या खड्याएवढा भासतो. म्हणून जमिनीवरील धूळ वस्त्रगाळ करून घ्यावी लागते. पाण्याचा थेंब तर लहान होतच नाही, म्हणून पावसाचा ओघळ ओतून चालत नाही, तो बारीक कुंचल्यानेच ओढावा लागतो. महाराष्ट्रातील मुले दिवाळीत दगड, माती आणि गोणपाट यांचा किल्ला करून त्यावर मोहरी किंवा अळीव पेरतात. उगवलेला अंकुर बुरुजाच्या मानाने वटवृक्षाएवढा होतो, पण बालपणाच्या राज्यात ते शोभून जाते. प्रतिकृतिकाराला ती सवलत नाही.

नवशिका मनुष्य येथे एक ठरावीक चूक करतो. सबंध इमारतीवर तो सारख्या हाताने तपकिरी रंग फासतो आणि तिला जुनेपण आले असे मानतो. वस्तुतः त्याने इमारत केवळ मळविलेली असते. वय हा सरसकट दिलेला रंग नव्हे; प्रत्येक डागाला कारण असते आणि कारणाला जागा असते. जयपूरच्या जंतरमंतरातील सम्राट यंत्राची कलती भिंत सुमारे सत्तावीस अंशांनी कललेली आहे, कारण त्या शहराचे अक्षांशच तेवढे आहेत. त्याच कारणाने तेथे मध्यान्हीचा सूर्य बारा महिने दक्षिणेकडे असतो. तेव्हा मोटारखान्याच्या दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या भिंतींचा रंग विटणार, आणि पावसाळ्यातील ओल उत्तरेच्या भिंतीवर अधिक रेंगाळून काळे डाग धरणार. जमिनीतील क्षार ओलीबरोबर भिंतीत चढतात, पाणी कोरड्या हवेत उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक गिलावा आतून फोडतात. म्हणून लोणा लागलेला पट्टा जोत्याच्या वर काही अंतरापर्यंतच दिसावयास हवा, छपराखाली नव्हे. पत्र्यावरील गंज खिळ्यापाशी सुरू होतो आणि उताराच्या दिशेने विरळ होत जातो. दाराचा खालचा भाग पावसाच्या शिंतोड्यांनी खराब होतो, पण कडीच्या भोवतालची जागा हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेली असते.

आत गेल्यावर तर या कारणपरंपरेची कसोटीच लागते. मोटार तोंडाने आत शिरत असेल, तर तिचे इंजिन मागल्या भिंतीपाशी येते. जमिनीवर तेलाचा काळा डाग तेथेच हवा, आणि धुराची काजळी दाराच्या बाजूस. मोटार उलटी आत घेण्याचा रिवाज असेल, तर तेलाचा डाग दारापाशी येईल आणि काजळी मागल्या भिंतीवर, तीही खाली. गल्लीतून वळण घेताना चौकटीच्या ज्या बाजूस गाडी घासत असे, त्याच बाजूला ओरखडे पडलेले दिसतील. तेल एका रीतीचे आणि काजळी दुसऱ्या रीतीची झाली, की कारागिरी कितीही सुबक असली तरी ती खोटी साक्ष ठरते.

साक्ष हा शब्द येथे अलंकार म्हणून योजलेला नाही. अमेरिकेत फ्रान्सिस ग्लेस्नर ली या विदुषीने १९४० च्या दशकात मृत्युस्थळांची छोटी दृश्ये एका फुटास एक इंच या प्रमाणात तयार करविली. संशयास्पद मृत्यूच्या ठिकाणी नेमके काय पाहावे, हे पोलीस अधिकाऱ्यांना शिकविणे हा त्यांचा उद्देश होता. त्या दृश्यांत एक मोटारखानाही आहे. तेथे एखादी वस्तू भलत्या जागी ठेवली, तर पाहणाऱ्याचा निष्कर्षच भलता निघेल. चांगली प्रतिकृती हा एका अर्थी पंचनामाच असतो.

मग हे वय चढवावे कसे? याचे उत्तर साधे आहे, पण धीराचे आहे. आधी मोटारखाना पूर्णपणे नवा बांधावा. मग त्याची वर्षे त्याला क्रमाने द्यावी. गिलाव्यावर गेरूचा पहिला हात द्यावा. तो वाळल्यावर किंचित ओलावून जागोजागी मिठाचे कण चिकटवावे आणि वर दुसऱ्या, थोड्या निराळ्या छटेचा हात द्यावा. रंग सुकल्यावर मीठ झाडले, की वरच्या रंगाची खपली निघून खालचा रंग डोकावतो. अनेकदा रंगविलेल्या भिंतीचे पोपडे निघाल्यावर पूर्वीचे रंग असेच वर येतात. त्यानंतर अति पातळ काळसर रंग सांधीकोपऱ्यांत उतरू द्यावा, कोरड्या कुंचल्याने कडांवर फिकी छटा ओढावी, आणि शेवटी वस्त्रगाळ धूळ. कारण खऱ्या मोटारखान्यावरही मे महिन्याच्या आंधीची धूळ सर्वांत शेवटी येऊन बसते. हा क्रम उलटा केला, तर आयुष्यच उलटे होते.

या छंदात एक धोकाही आहे, आणि तो रंगाचा नाही, दृष्टीचा आहे. गंजलेला पत्रा आणि पडका गिलावा दुरून रम्य दिसतो. पण त्या पत्र्याखाली भर पावसात गाडीच्या पोटात शिरून काम करणाऱ्या मिस्त्रीला तो रम्य वाटला नसेल. त्याला तो बदलावयाचा असेल आणि पैसा नसेल. पत्र्यावर ठेवलेला दगड, भोकात कोंबलेली चिंधी, तुटक्या कडीला बांधलेली तार, ही सारी शोभेची साधने नव्हत. या निकडी होत. त्या निकडींचा मान राखून जो त्या दाखवितो, त्याच्या कामात करुणा येते. जो केवळ नजरेला बरे वाटावे म्हणून त्यांची गर्दी करतो, तो दुसऱ्याच्या अडचणीची आरास मांडतो.

जयपूरचा तटबंदीतील भाग २०१९ साली जागतिक वारशाच्या यादीत आला. ते योग्यच झाले. परंतु साधा मोटारखाना अशा यादीत क्वचितच येतो. जागेची किंमत वाढली, की तो उतरविण्यास फारसा वेळ लागत नाही. प्रतिकृती त्याला वाचवू शकत नाही, आणि प्रतिकृतीही अमर नसते. कॅलिफोर्नियातील जॉन ॲलन यांनी गंज आणि धूळ यांसह उभारलेली छोटी रेल्वे या छंदातील मंडळींना आदर्श वाटत असे; १९७३ साली त्यांच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत आगीने तिचा बहुतेक भाग नाहीसा झाला. उरली ती तिची छायाचित्रे. म्हणून पुठ्ठ्याला कात्री लावण्याच्या आधी मूळ जागी जाऊन मापे घ्यावी, डागांची ठिकाणे टिपावी, आणि तेथे ज्याने आयुष्य काढले त्या माणसाला चार प्रश्न विचारावे. हे टिपण प्रतिकृतीइतकेच मोलाचे असते.

आणि काम पुरे झाल्यावर ते प्रदर्शनातील परीक्षकांपुढे ठेवण्याच्या आधी त्याच माणसापुढे ठेवावे. कुंचल्याची करामत त्याला कदाचित कळणार नाही. पण तेलाचा डाग हातभर चुकला असेल, तर तो क्षणात बोट ठेवून सांगेल, आणि गाडी तेथे का उभी राहत नसे, याचे कारणही सांगेल.