एकट्याच्या हातून काय होणार?



नाशिकच्या सातपूरमधील या कामगारवस्तीत स्वागतसमितीच्या वतीने मी या परिषदेपुढे बोलत आहे. ज्या जिल्ह्याने 2014 च्या गारपिटीत द्राक्षबागा भुईसपाट होताना आणि 2019 च्या ऑगस्टात दुतोंड्या मारुतीची मूर्ती गोदावरीच्या पुरात बुडताना पाहिली, त्यास हवामानबदल म्हणजे काय हे नव्याने सांगावयास नको. जाणीव आहे; कृती मात्र होत नाही.

कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गिफर्ड यांनी 2011 मध्ये या निष्क्रियतेमागील मानसिक अडथळ्यांचे सात वर्ग मांडले. शेजाऱ्याकडे बोट दाखविणे, शासनावरील अविश्वास, अल्पशा कृतीवर समाधान मानणे, हे सारे त्यांत आहे. पण मला सर्वांत बोचतो तो ‘माझ्या एकट्याने काय होणार’ हा उद्गार, कारण तो आळशी माणसाचा नव्हे. कारखान्यात वाया जाणारी दाबाची हवा रोखण्याची लहानशी सूचना जो कामगार सतत सुधारणेच्या ‘कायझेन’ पद्धतीखाली लिहून देतो, जिची दप्तरी नोंद होते व जिच्यामुळे झालेली बचत फलकावर लागते, त्यास तेथे हा प्रश्न सुचतच नाही. तोच घरी आला म्हणजे रिकाम्या खोलीतला पंखा फिरत राहतो, कारण त्यापायी एकलहऱ्याच्या औष्णिक वीजकेंद्रात जळणारा कोळसा त्यास दिसत नाही आणि न जळालेल्या कोळशाचा हिशेब कोणत्याही दप्तरात नाही.

याउलट, याच सातपुरातील फाशीच्या डोंगरावर 5 जून 2015 रोजी ‘आपलं पर्यावरण’ संस्थेच्या हाकेसरशी नाशिककरांनी सहस्रावधी देशी रोपे लावली व तेथे देवराई उभी राहू लागली. त्या दिवशी कोणी उपदेशाने पालटला होता असे मी मानीत नाही. स्थळ व दिवस मुकर्रर होते, शेजारचाही मातीत हात घालीत होता, आणि लावलेले रोप पुढल्या वर्षी जाऊन पाहता येणार होते. अर्थात, एक रोप लावून वर्षभर पेट्रोल जाळण्याची मोकळीक मिळत नाही. आणि व्यक्तीच्या कर्तव्याची सबब पुढे करून कारखानदारांनी वा शासनाने आपली जबाबदारी झटकावी, हे तर मला मुळीच मान्य नाही.

म्हणून या परिषदेस माझी आग्रहाची विनंती आहे की, घरोघरच्या वीज व इंधनबचतीची प्रभागवार नोंद ठेवण्याची तजवीज कशी व्हावी, ती नोंद चव्हाट्यावर कोणी लावावी आणि त्याचा खर्च कोणी सोसावा, याचा निर्णय येथून उठण्यापूर्वी व्हावा. अध्यक्षमहाराजांनी आता कामकाजास प्रारंभ करावा.