उजव्या कुशीतील दुखणे

पोट दुखू लागले की एरंडेल द्यावे, पोट शेकावे, ही घरोघरची रीत. आंत्रपुच्छदाहात, म्हणजे अपेंडिक्स सुजले असता, हीच रीत घातक ठरते. या विकारात वेदना बहुधा प्रथम बेंबीभोवती उठते व काही तासांत उजवीकडे खाली स्थिरावते. अन्नद्वेष, ओकारी आणि बारीक ताप तिच्या सोबतीस असतात. रेचकाने सुजलेले आंत्रपुच्छ फुटण्याचा धोका वाढतो. ते फुटले की पू उदरात पसरतो. वेदना एकाएकी थांबली म्हणजे घरच्यांना हायसे वाटते. परंतु ती फुटल्याचीही खूण असू शकते.

शस्त्रक्रिया करविणे म्हणजे आयुर्वेदाचा पराभव, हा समज निराधार आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चौदाव्या अध्यायात उदर उघडून आतडे तपासण्याचा, आणि छिद्र पडले असल्यास काळ्या मुंग्यांच्या दंशाने त्याच्या कडा सांधण्याचा विधी दिलेला आहे! म्हणून जाणता वैद्य अशा रोग्यास काढे देत बसत नाही. पोटात काहीही न देता त्यास तत्काळ रुग्णालयात धाडतो. काही सौम्य रुग्ण प्रतिजैविकांनीही बरे होतात. पण तो निर्णय तपासणीनंतर शल्यचिकित्सकाचा. वैद्याची पेज आणि मुगाचे कढण त्यानंतर, त्याच्या अनुमतीने.