क्रॅक आणि कोकेन : विष एकच

क्रॅक हा कोकेनहून निराळा पदार्थ आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. दक्षिण अमेरिकेतील कोका झुडपाच्या पानांपासून कोकेनची भुकटी तयार होते. ती नाकाने ओढली जाते. त्याच भुकटीपासून बनविलेले, धूर करून ओढावयाचे खडे म्हणजे क्रॅक. तापविताना ते तडतडतात, म्हणून हे नाव.

विष एकच, फरक आहे तो वेगाचा. क्रॅकचा धूर फुप्फुसांतून काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोहोचतो आणि पाच-दहा मिनिटांत धुंदी ओसरते. मागे उरते ती खिन्नता आणि पुन्हा ओढण्याची अनावर इच्छा. व्यसन लवकर जडते ते यामुळेच. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसांची हानी आणि संशयाने ग्रासलेले मन ही त्याची फळे होत. धडधाकट तरुणही यातून सुटत नाहीत. मद्याची जोड मिळाल्यास धोका अधिकच वाढतो.

अमेरिकेने १९८६ मध्ये ५ ग्रॅम क्रॅकला ५०० ग्रॅम भुकटीइतकीच किमान शिक्षा ठरविली. तीत प्रामुख्याने कृष्णवर्णीय समाज भरडला गेला; २०१० मध्ये ही तफावत कमी करावी लागली. केवळ शिक्षेने व्यसन सुटत नाही. आपल्या १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातही, स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीस काही मर्यादेत खटल्यापासून संरक्षण आहे. तेव्हा घरातील कोणी या विळख्यात सापडले असल्यास ते लपवू नये. १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला मिळतो.