चौदा मिनिटांचें भांडण



अमेरिकेंतील एखाद्या वृद्ध गृहस्थाजवळ बेसबॉलचा विषय काढला, तर तो आपल्या संघाचे विजय मागाहून सांगतो आणि भांडणें आधीं सांगतो, असें तिकडे स्थायिक झालेला माझा एक जुना विद्यार्थी मला पत्रांतून कळवितो. कोणत्या सालीं कोणीं कोणाच्या डोक्याच्या रोखानें चेंडू फेंकला, कोण हातांतील बॅट टाकून धांवून गेला, कोणास पंचांनीं मैदानाबाहेर काढलें, हें सारें त्या मंडळींस मुखोद्गत असतें. आपल्याकडे जुने वकील जसे हायकोर्टाच्या निकालांचे सालवार दाखले देतात, तशी त्यांची वाणी त्या वेळीं चालते. सांगणारा ज्या संघाचा अभिमानी असेल त्या संघाचा अपराध मात्र त्या हकीकतींत सहसा सांपडत नाहीं! अशा अनेक भांडणांपैकीं एक मीं आजच्या भाषणासाठीं निवडलें आहे. तें १९६५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें झालें आणि सुमारें १४ मिनिटें चाललें. त्याची आठवण मात्र अद्यापि संपलेली नाहीं.

ज्यांना हा खेळ परिचित नाहीं त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. बेसबॉलमध्यें चेंडू टाकणारा, ज्याला पिचर म्हणतात तो, फलंदाजापासून ६० फूट ६ इंचांवर उभा असतो. फलंदाजाच्या मागें, आपल्याकडील यष्टिरक्षकाच्या जागीं, कॅचर बसतो. आलेला चेंडू झेलणें आणि तो पिचरकडे परत फेंकणें हें त्याचें काम. क्रिकेटमध्यें चेंडू बहुधा एक टप्पा घेऊन येतो. येथें तो टप्पा न घेतां, तासाला ९० मैलांच्या आसपासच्या वेगानें येतो, आणि फलंदाजास विचार करण्यास अर्ध्या सेकंदाहूनहि कमी अवधि मिळतो. असा चेंडू अंगावर आला तर तो चुकून आला कीं मुद्दाम, हें सांगण्याचें साधन पंचाजवळ नाहीं आणि प्रेक्षकाजवळ तर मुळींच नाहीं. बहुतेक भांडणें या एका संशयांतून उगवतात. आणि हा संशय पोरकट नव्हे. १९२० सालच्या ऑगस्टमध्यें न्यूयॉर्क यांकीज संघाचा पिचर कार्ल मेज याचा चेंडू क्लीव्हलंड संघाच्या रे चॅपमन याच्या डोक्यास लागला, आणि दुसऱ्या दिवशीं चॅपमन मरण पावला. त्या काळीं डोक्यावर शिरस्त्राण घालण्याची चाल नव्हती.

या खेळाच्या छापील नियमांबरोबर कांहीं न छापलेले नियमहि आहेत. त्यांच्या पिचरनें आपल्या गड्यास चेंडू मारला, तर आपल्या पिचरनें त्यांच्या गड्यास मारावा, हा त्यांतला मुख्य. भांडण जुंपलें कीं दोन्ही संघांतील झाडून सारे खेळाडू, राखीव बसलेलेसुद्धां, मैदानावर धांवून येतात. जो येणार नाहीं त्याच्याकडे त्याचेच सोबती पुढें वांकड्या नजरेनें पाहतात. लांबून पाहणारास तें घनघोर युद्ध वाटतें. परंतु त्यांतले निम्मे लोक एकमेकांचे सदरे धरून नुसते उभे असतात, आणि आपणांस कोणीतरी आवरावें अशी मनांतून इच्छा करीत असतात. ज्यानें शाळेच्या पटांगणांत आयुष्यभर मुलांचीं भांडणें सोडविलीं, त्याला हा प्रकार नवा नाहीं.

आतां ज्या दोन संघांचें हें भांडण, त्यांची पूर्वपीठिका. सॅन फ्रान्सिस्कोचा जायंट्स आणि लॉस एंजेलिसचा डॉजर्स हे दोन्ही संघ मूळचे न्यूयॉर्क शहरांतले. जायंट्सचें मैदान मॅनहॅटनमध्यें, डॉजर्सचें ब्रुकलिनमध्यें. एकाच शहरांतील दोन पेठांचें वैर परगांवच्या वैराहून कडवट असतें. कारण शत्रूचा पक्षपाती आपणांस त्याच कचेरींत, त्याच दुकानांत, क्वचित् आपल्याच घरीं जेवणाच्या पंक्तीला भेटतो. १९५१ च्या ऑगस्टमध्यें जायंट्स साडेतेरा सामन्यांनीं मागें होते. ती सारी पिछाडी त्यांनीं भरून काढली, आणि ३ ऑक्टोबरच्या निर्णायक सामन्यांत, अगदीं शेवटच्या डावांत, बॉबी थॉमसन याच्या एका टोल्यानें डॉजर्सच्या हातांतोंडाशीं आलेलें विजेतेपद हिरावून घेतलें. त्या क्षणाचें रेडिओवर वर्णन करणारे रस हॉजेस यांचा आनंदानें बेभान झालेला आवाज आजहि ऐकावयास मिळतो. तो वांचला त्याचें श्रेय एका श्रोत्यास आहे. जायंट्सच्या एका चाहत्यानें कामावर जातांना आपल्या आईस घरच्या यंत्रावर तो भाग ध्वनिमुद्रित करून ठेवण्यास सांगितलें होतें. नभोवाणीवरून बोललेला शब्द हवेंत विरतो असें म्हणणाऱ्यांनीं त्या माउलीचें स्मरण करावें. पुढें पन्नास वर्षांनीं, २००१ सालीं, असें उजेडांत आलें कीं त्या हंगामांत जायंट्सचे लोक दुर्बिणींतून प्रतिपक्षाच्या कॅचरच्या खुणा चोरून वाचीत होते. तोंवर हयात राहिलेल्या ब्रुकलिनच्या वृद्धांस त्या दिवशीं केवढें समाधान झालें असेल!

१९५७ चा हंगाम संपल्यावर दोन्ही संघ कॅलिफोर्नियांत गेले आणि सामानाबरोबर आपलें वैरहि घेऊन गेले.

१९६५ च्या ऑगस्टमध्यें हे दोन संघ विजेतेपदासाठीं खांद्यास खांदा लावून चालले होते. मैदानाबाहेरील हवाहि शांत नव्हती. त्याच महिन्यांत लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागांत वांशिक असंतोषाचा वणवा पेटून ३४ माणसें मेलीं. डॉजर्सचा कॅचर जॉनी रोझबरो हा कृष्णवर्णीय असून त्याचें बिऱ्हाड त्याच शहरांत होतें. जायंट्सचा पिचर हुआन मारिशाल हा डोमिनिकन प्रजासत्ताकाचा. त्याच्या मायदेशीं त्या वर्षीं यादवी माजली होती आणि अमेरिकेचें सैन्य तेथें उतरलें होतें. दोघांचींहि मनें घरच्या काळजीनें व्यापलेलीं होतीं. भांडणाच्या आठवणी सांगणारे चाहते ही गोष्ट बहुधा गाळतात. म्हणून मी ती मुद्दाम सांगतों.

रविवार, २२ ऑगस्ट. कँडलस्टिक पार्कच्या मैदानावर ४२ हजारांहून अधिक प्रेक्षक जमले होते. एका बाजूस मारिशाल, दुसऱ्या बाजूस सँडी कोफॅक्स. त्या काळचे दोन श्रेष्ठ पिचर. मारिशालनें मॉरी विल्स आणि रॉन फेअरली यांच्या अंगाजवळून चेंडू टाकून दोघांनाहि धुळींत लोळावयास लावलें. कोफॅक्सनें उत्तरादाखल विली मेज याच्या डोक्यावरून एक चेंडू सोडला. येथवर हिशेब रीतीप्रमाणें चालला होता. तिसऱ्या डावांत मारिशाल स्वतः फलंदाजीस आला. त्या वेळीं पिचरलाहि फलंदाजी करावी लागे. कोफॅक्सनें त्याच्या अंगावर चेंडू टाकला नाहीं. परंतु रोझबरोनें झेललेला चेंडू परत करतांना तो मारिशालच्या कानाजवळून सणसणत नेला. चेंडू आपल्या कानास चाटून गेला, असें मारिशाल म्हणे. तो तसा जवळून जावा हा आपला हेतूच होता, असें रोझबरोनें पुढें आपल्या आत्मचरित्रांत मोकळेपणानें लिहिलें आहे.

मारिशालनें वळून जाब विचारला. रोझबरो उठून पुढें सरसावला. आणि मारिशालनें हातांतील बॅट त्याच्या डोक्यावर हाणली.

मुठींचीं भांडणें या खेळांत पुष्कळ झालीं. बॅट उगारून माणसाचें डोकें फोडण्याचा प्रकार लोकांनीं पाहिला नव्हता. दोन्ही संघ मैदानावर लोटले. रोझबरोच्या तोंडावरून रक्ताचे ओघळ वाहूं लागले; जखमेस १४ टांके घालावे लागले. त्या गोंधळांत विली मेज यानें जें केलें तें मला त्या दिवसांतील सर्वांत मोठें कृत्य वाटतें. मेज हा जायंट्सचा, म्हणजे मारिशालच्या पक्षाचा, आणि त्या संघाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू. तो सरळ शत्रुपक्षाच्या रोझबरोकडे गेला, त्याला धरून त्यानें शांत केलें आणि गर्दींतून बाहेर नेलें. सामना पुन्हां सुरू झाला तेव्हां विचलित झालेल्या कोफॅक्सच्या हातून दोन गडी फुकट बेसवर गेले, आणि त्याच मेजनें तीन धांवांचा टोला मारला. जायंट्सनीं सामना ४-३ असा जिंकला.

मारिशालला खेळाच्या आठ दिवसांची बंदी व १७५० डॉलर दंड झाला. हंगाम संपला तेव्हां डॉजर्सचे विजय ९७ भरले आणि जायंट्सचे ९५. येथून चाहत्यांचा वाद सुरू होतो. जायंट्सचा अभिमानी म्हणतो, "बंदीमुळें मारिशालचे दोन सामने बुडाले, आणि दोनच विजयांनीं आम्ही मागें पडलों." डॉजर्सचा अभिमानी विचारतो, "माणसाचें डोकें फोडल्याबद्दल आठ दिवस ही काय शिक्षा झाली?" गणित दोघांचेंहि बरोबर आहे, उदाहरणें मात्र निरनिराळीं आहेत.

असे वाद इतरहि संघांत आहेत. बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांचें वैर सर्वांत प्रसिद्ध. २४ जुलै २००४ रोजीं बोस्टनच्या जेसन व्हॅरिटेक यानें अ‍ॅलेक्स रॉड्रिग्ज याच्या तोंडावर आपला हातमोजा दाबला आणि रण माजलें. तो सामना बोस्टननें ११-१० असा जिंकला, आणि त्याच वर्षीं ८६ वर्षांनंतर जगज्जेतेपदहि मिळविलें. बोस्टनची माणसें तेव्हांपासून शपथेवर सांगतात कीं त्या हातमोज्यानें संघाचें नशीब पालटलें. वस्तुस्थिति अशी कीं त्या भांडणानंतर तीन आठवडे संघ एक जिंकीत आणि एक हरत होता. विजयांची लाट आली ती ऑगस्टच्या मध्यानंतर. पण कारणावांचून आठवण मनांत टिकत नाहीं, आणि हातमोज्याइतकें सुटसुटीत कारण दुसरें कोठें मिळणार?

दुसरें उदाहरण १९९३ सालचें. ४६ वर्षांच्या नोलन रायन या पिचरवर २६ वर्षांचा रॉबिन व्हेंच्युरा धांवून गेला, आणि रायननें त्याचें डोकें बगलेंत धरून त्याला ठोसे लगावले. म्हाताऱ्यानें तरुणास धडा शिकविला म्हणून ही आठवण लोकांस फार गोड वाटते. माझ्या वयाच्या लोकांस तर विशेषच! परंतु व्हेंच्युरा हा उत्तम खेळाडू होता. त्यानें आपल्या कारकीर्दींत २९४ होमरन काढलीं, म्हणजे तितक्या वेळां एकाच टोल्यांत सारे बेस पुरे केले. त्याचें नांव निघालें कीं लोकांस तीं २९४ होमरन आठवत नाहींत, बगलेंतलें डोकें आठवतें.

मेजविषयीं आणखी एक आठवण सांगावयाची आहे. ८ ऑक्टोबर १९७३ रोजीं न्यूयॉर्कच्या शे मैदानावर सिनसिनाटी रेड्सचा पीट रोझ आणि न्यूयॉर्क मेट्सचा बड हॅरलसन यांची मारामारी झाली. ती मिटली, मिटले नाहींत ते प्रेक्षक. रोझ आपल्या जागीं उभा राहतांच त्याच्यावर हातीं लागेल तें फेंकण्यांत येऊं लागलें, त्यांत एक बाटलीहि होती. रेड्सचे व्यवस्थापक स्पार्की अँडरसन यांनीं आपला संघ मैदानांतून काढून घेतला. तेव्हां मेट्सचीं कांहीं माणसें प्रेक्षकांची विनवणी करण्यास त्या कोपऱ्याकडे चालत गेलीं. त्यांत व्यवस्थापक योगी बेरा होते, टॉम सीव्हर होता, आणि कारकीर्दीच्या अखेरीस मेट्सकडे आलेला ४२ वर्षांचा विली मेज होता. लोक शांत झाले. १९६५ सालीं त्याला खेळाडूंस आवरावें लागलें होतें. या वेळीं आवरावयाचे होते ते पैसे देऊन खेळ पाहावयास आलेले नागरिक.

मारिशालच्या वांट्यास पुढें काय आलें? तो २४३ सामन्यांचा विजेता पिचर. परंतु लोकांच्या लेखीं तो बॅट उगारलेला माणूस होता. तें छायाचित्र देशभर छापलें गेलें होतें. १९७५ सालीं, कारकीर्दीच्या अखेरीस, डॉजर्सनींच त्याला आपल्या संघांत घेतलें, तेव्हां लॉस एंजेलिसमध्यें संताप उसळला. त्या वेळीं ज्याचें डोकें फुटलें होतें तो रोझबरो पुढें आला आणि झालें गेलें विसरून जावें असें त्यानें डॉजर्सच्या चाहत्यांस सांगितलें. मारिशाल तेथें दोनच सामने खेळून निवृत्त झाला.

कूपर्सटाउन येथें या खेळाचें कीर्तिमंदिर आहे. त्यांत प्रवेश मिळण्यास क्रीडा-वृत्तपत्रकारांचीं शेंकडा ७५ मतें लागतात. १९८१ सालीं मारिशालला तीं मिळालीं नाहींत. १९८२ सालींहि थोडक्यांत हुकलीं. ज्यांनीं मतें दिलीं नाहींत त्यांपैकीं कित्येकांच्या मनांत ती १४ मिनिटें होतीं, असें सर्वत्र मानलें गेलें. सतरा वर्षांमागील एका मिनिटावरून माणसाच्या सोळा हंगामांच्या कामाचें मोल ठरवावें काय, असा प्रश्न होता; आणि शिक्षकाच्या दृष्टीनें तो मोठा अवघड आहे. कारण आघात खरा होता, आणि रोझबरोचा प्राणहि गेला असता. त्याचें उत्तर देण्याचा अधिकार एकाच माणसाचा होता, आणि त्यानें तें दिलें. रोझबरो सहकुटुंब डोमिनिकन प्रजासत्ताकांत मारिशालचा पाहुणा म्हणून गेला, आणि त्या घटनेमुळें मारिशालची वाट अडवूं नये, असें त्यानें जाहीरपणें सांगितलें. १९८३ सालीं मारिशाल निवडून आला.

रोझबरो २००२ च्या ऑगस्टमध्यें वारला. त्याच्या अंत्यविधीस मारिशाल लॉस एंजेलिसला आला. शवपेटिकेच्या सन्माननीय वाहकांत त्याची योजना झाली होती. जॉनीनें मला क्षमा केली ही माझ्या आयुष्यांतील फार मोठी गोष्ट होय, असें तो त्या प्रसंगीं म्हणाला. आणि पुढें म्हणाला कीं, मी चेंडू टाकीत असतांना माझा कॅचर म्हणून जॉनी असता तर मला आवडलें असतें.