हाक कोणाची?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपण सर्व ज्युबिलीच्या आनंदात आहोत. परंतु हा शब्द आला कोठून, ह्याचा विचार थोड्यांनीच केला असेल. हिब्रू भाषेत 'योबेल' म्हणजे एडका, आणि त्यावरून एडक्याचे शिंग. जुन्या करारातील लेवीय ह्या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात सांगितले आहे की, पन्नासाव्या वर्षी प्रायश्चित्ताच्या दिवशी देशभर शिंग फुंकावे. त्या नादाबरोबर दासांनी मुक्त होऊन आपापल्या घरी जावे, विकलेली जमीन मूळ घराण्याकडे परतावी आणि शेतासही विसावा मिळावा. म्हणजे ज्युबिलीचा आरंभ मेजवानीने नव्हे, तर एका आवाजाने होत असे. आणि तो आवाज ऐकणारास बांधणारा नसून सोडविणारा होता. माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे: आपण दिवसभर जे आवाज ऐकतो, ते आपणांस सोडवितात की बांधतात?

आपल्या वसईच्या किनाऱ्यास घंटेची ओळख फार जुनी आहे. 1739 साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा येथल्या चर्चमधील घंटा विजयाची खूण म्हणून देशावर नेण्यात आल्या आणि निरनिराळ्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील प्रसिद्ध घंटा त्यांपैकीच एक होय. लढाईत माणसे सोने लुटतात, शस्त्रे लुटतात. पण ओतीव धातूची ती अवजड वस्तू घाट चढवून नेण्याचे श्रम ज्यांनी घेतले, त्यांसही घंटेचे मोल समजत होते, असेच म्हटले पाहिजे.

आणि ते मोल आपल्या वाडवडिलांच्या तर अंगवळणी पडले होते. सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी देवदूताच्या प्रार्थनेची घंटा होई. तीन ठोके, थोडा विराम, पुन्हा तीन, पुन्हा विराम, पुन्हा तीन. वाडीत केळीस पाणी लावणारा माणूस फावडे टेकवून उभा राही, डोक्यावरचे फडके काढी, आणि देवाच्या शब्दाने देह धारण केला ह्या रहस्याचे स्मरण करी. कोणी वारल्यास संथ ठोके पडत, आणि घराघरांतून एकच प्रश्न निघे, "कोण गेले?" ती घंटा श्रीमंतासाठी वेगळी आणि गरिबासाठी वेगळी वाजत नसे. ती सर्वांस एकदम बोलावी, एकाच गोष्टीसाठी बोलावी, आणि बोलावून झाले की गप्प बसे.

आता दुसऱ्या घंटेकडे वळू. ही आपल्या खिशात असते. शुद्ध मराठीत तिला भ्रमणध्वनी म्हणतात. व्यवहारात आपण मोबाईल म्हणतो. ही घंटा गप्प बसणे जाणत नाही. वेदीवर धर्मगुरू पवित्र भाकर उंचावतो, मंदिरात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असते, आणि नेमक्या त्याच क्षणी मधल्या बाकावरून एखादे चित्रपटगीत सुरू होते. ज्याच्या खिशातून ते येते तो गृहस्थ प्रथम इतरांसारखाच आजूबाजूस पाहतो. मग सदऱ्याचे खिसे चाचपतो, मग विजारीचे. तोवर गाण्याचे धृपद संपून कडवे लागलेले असते. शेवटी तो यंत्र कानास लावून, तोंडावर हात धरून दाराकडे धावतो, आणि "मी मिस्सेला आहे" हे वाक्य सर्व मंडळीस ऐकू जाते. वाक्य खोटे नसते. परंतु ते उच्चारताना तो मिस्सेस राहिलेला नसतो, एवढेच.

पहाटे पाच वाजता गुलाबाच्या चित्रासह शंभर जणांस 'शुभ प्रभात' पाठविणारे सज्जन आपल्यात आहेत. त्यांतील कित्येकांस सात वाजता फाटकाशी भेटलेल्या शेजाऱ्यास मान हलविण्यास मात्र सवड होत नाही. लग्नविधीत वधूवर परस्परांस वचन देतात, तेव्हा उंचावलेल्या हातांच्या गर्दीमुळे मागे बसलेल्या आजीस नातीचे तोंडही दिसत नाही. दिवंगत पोप फ्रान्सिस ह्यांनी 8 नोव्हेंबर 2017 रोजी ह्याच गोष्टीबद्दल खेद व्यक्त केला होता. अंतःकरणे उंच करा असे धर्मगुरू म्हणतो, मोबाईल उंच करा असे म्हणत नाही, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हा दोष केवळ प्रापंचिकांचा नव्हे, काही धर्मगुरू व बिशपही त्यात आहेत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. तेव्हा मी हे व्यासपीठावरून बोलत असलो, तरी उपदेश दोन्ही बाजूंस लागू आहे.

ह्यावरून कोणी असे समजू नये की ख्रिस्तसभा यंत्राच्या विरुद्ध आहे. 12 फेब्रुवारी 1931 रोजी मार्कोनीने उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीचे उद्घाटन पोप अकरावे पायस ह्यांनी केले आणि पोपचा आवाज प्रथमच आकाशमार्गे जगभर गेला. 3 डिसेंबर 1992 रोजी इंग्लंडात मोबाईलवर पहिला लघुसंदेश पाठविण्यात आला, तोही नाताळच्या शुभेच्छांचा होता. 2020 साली महामारीमुळे मंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा ह्याच यंत्राने मिस्सेचे शब्द घरोघरी पोहोचविले. 2025 साली संत म्हणून घोषित झालेला कार्लो आकुतिस हा तरुण संगणकात प्रवीण होता. पवित्र मिस्साबलिदानाशी निगडित चमत्कारांची माहिती त्याने संगणकाच्या साहाय्याने जगापुढे मांडली, आणि खेळांसाठी मात्र स्वतःस आठवड्यातून एकच तास नेमून घेतला. आपल्याकडे ज्यांचे मुलगे आखातात वा कॅनडात आहेत, अशा कित्येक माता संध्याकाळी त्या लहानशा पडद्यासमोर बसून मुलाबरोबर रोझरी म्हणतात. तो मोबाईल त्या घरी आशीर्वादच आहे. यंत्र तेच असते. त्याने दूरच्यास जवळ आणले, की जवळच्यास दूर लोटले, एवढेच पाहावयाचे.

आणि येथेच मला काळजी वाटते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी मी आजाऱ्यांस ख्रिस्तशरीर देण्यास घरोघरी जातो. प्रार्थना आटोपून उठावे, तो पुष्कळ ठिकाणी म्हातारे माणूस हात धरून म्हणते, "फादर, जरा बसा." पूर्वी हे एकट्यादुकट्यांच्या घरी ऐकू येई. आता ते भरल्या घरी ऐकू येते. मुलगा ओटीवर आहे, सून स्वयंपाकघरात आहे, नातवंडे पलंगाच्या कडेला आहेत. कोणी कठोर नाही, औषधपाणी वेळेवर होते, दूध-फळांस तोटा नाही. परंतु प्रत्येकाची मान खाली आहे. एका आजोबांनी मला विहीर कशी खणली ती सारी हकीकत सांगितली: पाणी किती हातांवर लागले, खडक कोठे आडवा आला, कोणी मदत केली. वीस मिनिटे मी काहीच केले नाही, केवळ ऐकले. निघताना त्यांनी माझे आभार मानले ते प्रार्थनेबद्दल नव्हे, त्या विहिरीबद्दल. ती हकीकत ज्या नातवाने ऐकावयास हवी होती, तो तीन हातांवर बसलेला होता.

बंधुभगिनींनो, पवित्र मिस्साबलिदानात प्रभू खरोखर उपस्थित असतो, हा आपल्या श्रद्धेचा गाभा होय. तो चित्राने येत नाही, निरोप धाडीत नाही, स्वतः येतो. ज्यांचा देव असा समक्ष येतो, त्या आपणांस समोरच्या माणसापुढे उपस्थित राहणे जमू नये, ही केवळ शिष्टाचाराची चूक नव्हे. अनुपस्थितीची सवय अंगी मुरली की ती चर्चच्या पायरीशी काढून ठेवता येत नाही. जो आईचे बोलणे अर्ध्या कानाने ऐकतो, तो देवाचेही अर्ध्याच कानाने ऐकणार. बालक शमुवेलास रात्री हाक आली, तेव्हा ती कोणाची हे त्यास कळेना. तो तीन वेळा उठून एलीकडे गेला. त्यास ओळख पटण्यास वेळ लागला, पण निदान ती हाक त्यास ऐकू आली, कारण ती रात्र शांत होती. आपल्या उशाशी जर रात्रभर यंत्र किणकिणत असेल, तर चौथी हाक तरी आपणांस ऐकू यावी कशी?

म्हणून ह्या ज्युबिली वर्षासाठी मी एक लहानशी सूचना करतो. मोबाईल टाकून द्या असे मी म्हणणार नाही. तसे सांगणारा धर्मगुरू दुसऱ्या दिवशी स्वतःच सर्वांस फोन करताना सापडावयाचा. आपल्या मंदिराची घंटा अजूनही दिवसातून तीन वेळा होते. त्या तीन वेळांस प्रत्येकाने हातातील यंत्र खाली ठेवावे, देवदूताची प्रार्थना म्हणावी, आणि ती संपल्यावर यंत्र उचलण्यापूर्वी जवळ जे माणूस असेल त्याच्याशी, डोळ्यांस डोळे भिडवून, एक तरी वाक्य बोलावे. लोकलमध्ये असाल, कचेरीत असाल, जेथे घंटा ऐकू येत नाही तेथे असाल, तर मोबाईललाच त्या वेळेची आठवण करून देण्यास सांगावे. चाकरास धन्याच्या कामास लावण्यात काही गैर नाही. संध्याकाळची वेळ मात्र घरातील वडीलधाऱ्यांसाठी राखून ठेवावी. एखादी विहिरीची हकीकत कदाचित आपलीही वाट पाहत असेल, आणि ती सांगणारा फार दिवस थांबेलच असे नाही.

पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले की दास घरी परतत. ह्या वर्षी आपणही घरी परतावे. घरात असलेल्यांनी तर विशेषेकरून परतावे. पवित्र मरियेने देवदूताची हाक ऐकली आणि होकार दिला, म्हणून आपले तारण झाले. तिच्या मध्यस्थीने आपणां सर्वांस ऐकणारे कान आणि उपस्थित राहणारे अंतःकरण लाभो, अशी प्रभूचरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.