थिमय्यांच्या घरी



गेल्या डिसेंबरात कूर्गला, मडिकेरीला गेलो होतो. तिथे जनरल थिमय्यांचं ‘सनी साइड’ हे घर आहे. मधली काही वर्षं त्यात चक्क आरटीओचं कार्यालय होतं! २०२१ साली तिथे संग्रहालय झालं.

१ नोव्हेंबर १९४८ रोजी थिमय्यांनी झोजी ला खिंडीत, साडेतीन हजार मीटरवर, रणगाडे चढवले. इतिहासाच्या सरांनी ते इतकं रंगवून सांगितलं होतं की मी त्याच ओढीने गेलो. अंगणातल्या रणगाड्याला हातही लावून पाहिला.

मनात मात्र राहिली दुसरीच गोष्ट. थिमय्या तिघे भाऊ, तिघेही लष्करात. थोरले पोनप्पा आझाद हिंद सेनेत गेले आणि थिमय्या ब्रह्मदेशात जपान्यांशी लढत होते. म्हणजे सख्खे भाऊ, समोरासमोरच्या बाजूंना! धाकटे सोमय्या काश्मीरच्या लढाईत सुरुंगाच्या अपघातात गेले. १९६५ साली सायप्रसमध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या फौजेचे प्रमुख असताना, थिमय्याही गेले.

माझा दादा याच शाळेचा, माझ्यापुढे दोन वर्षं. तुकडाभर जमिनीच्या वाटणीवरून आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. फाटकाबाहेर येऊन मी त्याला फोन लावला. रेंज नव्हती. रस्त्यावरून वर चढत गेलो, तिसऱ्यांदा लागला.

“कुठेयस?” त्याने विचारलं.

“मडिकेरीला.”

“थंडी असेल. स्वेटर नेलायस का?”

मागच्या रांगेत बसलाय तो आज.