मानपत्र आणि मानधन



दिवाळी सरली की गावोगावच्या नाट्यगृहांत मदतनिधीच्या कार्यक्रमांचे दिवस येतात. एखाद्या वसतिगृहासाठी, रुग्णालयासाठी, वृद्धाश्रमासाठी नाटक ठेवलेलं असतं. देणगी प्रवेशिका घरोघर जाऊन खपवल्या जातात, जाहिराती मिळवून स्मरणिका निघते आणि मध्यंतरात पडदा उघडून त्या भागातल्या चार-पाच कार्यकर्त्यांचा सत्कार होतो. आज मला या मध्यंतराबद्दल बोलायचं आहे.

मदतीसाठी नाटक करण्याची आपली परंपरा मोठी आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला, तो टिळक स्वराज्य फंडासाठी. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींशी चुरस असलेल्या कंपन्या. पण त्या दिवशी ललितकलादर्शचे केशवराव भोसले नायक धैर्यधर झाले, गंधर्व मंडळीचे बालगंधर्व नायिका भामिनी झाले, आणि दोघं एका रंगमंचावर उभे राहिले. राष्ट्रकार्याला पैसा हवा होता आणि कलावंतांनी आपल्याजवळचं सगळ्यांत मोलाचं जे होतं ते दिलं.

पुढे ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रानं याच वाटेनं आणखी एक पाऊल टाकलं. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, डॉ. नरेंद्र दाभोलकर अशी मंडळी एकत्र आली आणि सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. आचार्य अत्र्यांचं १९३६ सालचं 'लग्नाची बेडी' हे नाटक निवडलं गेलं. नामवंत कलाकारांनी एक पैसाही न घेता महाराष्ट्रभर त्याचे प्रयोग केले. त्या प्रयोगांतून आणि लोकांच्या देणग्यांतून जमलेली रक्कम ठेव म्हणून ठेवली गेली आणि तिच्या व्याजातून पूर्णवेळ काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं.

यातलं वेगळेपण ध्यानात घ्या. मदतनिधी बहुधा इमारतीसाठी असतो, यंत्रासाठी असतो, रुग्णवाहिकेसाठी असतो. त्यांची गरज आहेच. पण हा निधी माणसासाठी होता. ज्यानं नोकरी धरली नाही, जो आदिवासी पाड्यावर, झोपडपट्टीत, दुष्काळी गावात राहून लोकांच्या प्रश्नांवर काम करतो, त्याच्या घरी चूल पेटती राहावी एवढीच त्यामागची इच्छा. रक्कम मोठी नव्हती, पण ती दर महिन्याला येणारी होती. ते उपकार नव्हते. समाज आपलं देणं फेडत होता.

कार्यकर्त्याचं काम आपल्याला दिसतं ते मोर्चाच्या दिवशी किंवा सत्काराच्या दिवशी. बाकीचे दिवस कसे जातात? कुणाच्या रेशनकार्डासाठी तहसील कचेरीत खेपा घालाव्या लागतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली दावा दाखल करायचा तर नकाशे, पुरावे, ग्रामसभेचे ठराव गोळा करावे लागतात. गावातलं दारूचं दुकान बंद करायचं तर दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मत द्यायला बायकांना घराबाहेर काढावं लागतं, आणि त्यासाठी रात्री उशिरापर्यंत दारोदार फिरावं लागतं. या कामाची पावती नाही, पगारपत्रक नाही, निवृत्तिवेतन नाही. मोटारसायकलचं पेट्रोल, मुलांची फी, आईचं औषध हे खर्च मात्र इतर कुठल्याही घरासारखेच असतात.

आणि हा भार एकटा कार्यकर्ता उचलत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातिधर्मांची मुलं एका वसतिगृहात आणली. त्या मुलांच्या पोटात अन्न जावं म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले, मंगळसूत्रसुद्धा ठेवलं नाही. आज त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष आपण अभिमानानं दाखवतो. पण प्रत्येक पिढीतल्या लक्ष्मीबाईंनी दागिने मोडत राहावं अशी अपेक्षा कुठल्याही जाणत्या समाजानं ठेवू नये.

म्हणून सत्कार आयोजित करणाऱ्या मंडळींना माझं मनापासून सांगणं आहे. सत्कार जरूर करा. आपल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या की पुढची कित्येक वर्षं बळ मिळतं. पण ज्या कार्यक्रमात कार्यकर्त्याचा गौरव होतो, त्या कार्यक्रमाच्या निधीतला वाटा त्याच्या कामापर्यंत पोचू द्या. शाल आणि श्रीफळ द्या, आणि त्यासोबत वर्षभराच्या मानधनाची सोय करा. नावं ठरवताना वस्तीतल्या लोकांना विचारा, म्हणजे ज्यांच्याकडे छापील परिचयपत्र नाही अशी माणसंही व्यासपीठावर येतील. मानपत्रात विशेषणांऐवजी काम लिहा: कुठली वस्ती, कुठला प्रश्न, काय बदललं. प्रमुख पाहुण्यांचं भाषण आटोपशीर ठेवा आणि सत्कारमूर्तीला दहा मिनिटं बोलू द्या, कारण ती वेळ त्यांची आहे. त्यांच्या घरच्यांना पहिल्या रांगेत बसवा. लांबून येणाऱ्यांचा प्रवासखर्च आणि मुक्काम आधी ठरवा, त्यांना मागायला लावू नका.

हे अवघड नाही. अमेरिकेतल्या मराठी माणसांनी उभ्या केलेल्या महाराष्ट्र फाउंडेशननं साहित्यिकांबरोबर समाजकार्य करणाऱ्यांनाही पुरस्कार द्यायला सुरुवात केली, आणि त्या पुरस्कारांत मानचिन्हाबरोबर रोख रक्कमही असते. इतक्या दूर राहणाऱ्यांना जे सुचलं, ते आपल्या तालुक्याच्या गावात आपल्याला सहज करता येईल. पाचशे खुर्च्यांचं नाट्यगृह भरलं आणि प्रत्येकानं तिकिटाच्या वर महिन्याला पन्नास रुपये द्यायचं कबूल केलं, तर दरमहा पंचवीस हजार रुपये होतात. त्यात दोन कार्यकर्त्यांना निर्धास्तपणे काम करता येईल. त्यासाठी नोंदणीकृत विश्वस्त संस्था हवी, चोख हिशेब हवा, दर देणगीची पावती हवी आणि वर्षाच्या शेवटी देणाऱ्यांसमोर जमाखर्च वाचून दाखवायला हवा. अशा व्यवहारावर लोक विश्वास ठेवतात, आणि एकदा विश्वास बसला की मराठी माणूस देताना हात आखडता घेत नाही.

श्रोतेहो, यंदा मदतनिधीची प्रवेशिका घेऊन कुणी तुमच्या दारी आलं तर ती अवश्य घ्या. आणि त्यांना दोन प्रश्न विचारा: सत्कार कुणाचा आहे, आणि या पैशातलं त्यांच्या कामाला काय मिळणार आहे? हे प्रश्न दहा घरांतून विचारले गेले, तर पुढच्या वर्षी आयोजक त्यांची उत्तरं प्रवेशिकेवरच छापून आणतील.